मृत्यूच्या दाखल्यावर हवेचे नाव

दिवाळी सरून हवेत गारवा आला की मुलांच्या डॉक्टरांकडे बसायला जागा उरत नाही. कुणाचा खोकला तीन आठवडे हटत नाही, कुणाची छाती घरघरते, कोपऱ्यात नेब्युलायझरचा मास्क तोंडावर धरताना पोर रडून गोंधळ घालते. डॉक्टर औषध लिहून देतात, पंप कसा ओढायचा ते दाखवतात आणि जाता जाता बजावतात, धुराधुळीपासून लांब ठेवा. सल्ला योग्यच आहे. पण घराची खिडकी हमरस्त्यावर उघडत असेल आणि मागच्या बाजूला जुनी इमारत पाडली जात असेल, तर त्या आईने मुलाला ठेवायचे कुठे? चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस, फुटपाथवरची भाजीवाली, दिवसभर रिक्षा चालवणारा माणूस यांना ‘बाहेर पडू नका’ असे सांगणे म्हणजे आजची मजुरी सोडा असे सांगणे आहे.

श्वसनरोगाच्या डॉक्टरांना हा पेच रोज दिसतो. म्हणून आता ते केवळ रुग्णांशी बोलून थांबत नाहीत, सरकारांशी बोलू लागले आहेत. मार्च 2025 मध्ये कोलंबियातील कार्ताहेना येथे जागतिक आरोग्य संघटनेची वायुप्रदूषण आणि आरोग्य या विषयावरची दुसरी जागतिक परिषद झाली. तिच्या आधी डॉक्टर, परिचारिका, रुग्ण आणि त्यांच्यासाठी काम करणाऱ्या संस्था अशा सुमारे 4 कोटी 70 लाख लोकांच्या वतीने सरकारांना आवाहन करण्यात आले: हवा स्वच्छ करा, लोकांचे जीव वाचवा. प्रदूषणाने होणारी आरोग्यहानी 2040 पर्यंत निम्म्यावर आणायची, हे उद्दिष्ट त्या परिषदेत पुढे ठेवले गेले. आपल्याकडेही असे आवाज उठले आहेत. नोव्हेंबर 2017 मध्ये दिल्लीत धुरके दाटले, तेव्हा इंडियन मेडिकल असोसिएशनने ही सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी असल्याचे जाहीर केले, शाळा बंद ठेवा म्हटले आणि त्याच महिन्यात ठरलेली अर्धमॅरेथॉन रद्द करण्याची मागणी केली. ती शर्यत ठरल्या दिवशी पार पडली.

डॉक्टरांचे म्हणणे सरकारदरबारी अडते कुठे? बहुतेक वेळा पुराव्यापाशी. डिसेंबर 2019 मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर यांनी लोकसभेत सांगितले की प्रदूषणामुळे आयुष्य कमी होते असे कोणत्याही भारतीय अभ्यासातून दिसलेले नाही. त्यानंतरही केवळ वायुप्रदूषणामुळे मृत्यू झाल्याचा थेट संबंध दाखवणारी निर्णायक आकडेवारी उपलब्ध नाही, अशा आशयाचे उत्तर संसदेत दिले गेले आहे. हे उत्तर ज्या शब्दांवर उभे आहे, ते ‘केवळ’ आणि ‘थेट’ हे शब्द नीट तपासायला हवेत.

रुग्णालयात माणूस दगावला की डॉक्टर फॉर्म 4 भरतात. त्यात मृत्यूचे तात्कालिक कारण लिहायचे, त्याखाली ते ज्यातून उद्भवले ते कारण, आणि शेवटी हातभार लावणाऱ्या इतर बाबी. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, सीओपीडी, फुप्फुसाचा कर्करोग, लहान मुलाचा न्यूमोनिया ही त्या रकान्यांतली नेहमीची नावे. पीएम 2.5, म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक कण, केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या हिश्शाएवढे असतात. ते श्वासावाटे फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात, त्यातले सर्वांत सूक्ष्म रक्तातही उतरतात. रक्तवाहिन्यांना सूज येते, रक्ताची गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते, रक्तदाब चढतो. पुढे झटका येतो, तो हृदयविकार म्हणून नोंदला जातो. तंबाखूचेही असेच आहे. दाखल्यावर कर्करोग येतो, विडी येत नाही. तरीही तंबाखूवर कायदा करताना सरकारने एकेका मृताचा वेगळा पुरावा मागितला नाही. लाखो लोकांच्या नोंदी तपासून जोखीम किती वाढते हे काढले, आणि तेवढे पुरेसे मानले. हवेबाबत तेवढेच पुरेसे का नसावे?

भारतीय अभ्यास नाहीत, हे तर खरेच नाही. 1970 च्या दशकातच मुंबईच्या केईएम रुग्णालयातील छातीविकारतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या कमी-अधिक प्रदूषित वस्त्यांतील आणि तुलनेसाठी खेड्यातील हजारो माणसे तपासली होती. जिथे हवा जास्त खराब, तिथे खोकला, धाप आणि छातीच्या तक्रारी अधिक, असे चित्र त्यातून पुढे आले. गॅस चेंबर म्हणून बदनाम झालेल्या चेंबूरच्या रहिवाशांना ते सांगायला तज्ज्ञांची गरज नव्हती, पण तज्ज्ञांनी ते मोजून ठेवले. डिसेंबर 2020 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे सरकारचीच आयसीएमआर, ज्या अभ्यासात भागीदार होती, तो ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 2019 या एका वर्षात देशातील 16.7 लाख मृत्यूंमागे वायुप्रदूषण असल्याचा अंदाज त्यात आहे. देशातल्या एकूण मृत्यूंपैकी ते जवळपास 18 टक्के. यातले सुमारे 6 लाख मृत्यू घरातल्या धुराचे, चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या वाट्याला सर्वांत आधी येणाऱ्या धुराचे, आहेत.

आपल्याला अधिक जवळचा आहे तो 2024 चा अभ्यास. दहा भारतीय शहरांतल्या अनेक वर्षांच्या मृत्युनोंदी आणि हवेची रोजची प्रतवारी त्यात शेजारी ठेवून पाहिली गेली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेपेक्षा हवा खराब असल्याने या शहरांत वर्षाला सुमारे 33 हजार मृत्यू होतात, असा त्याचा निष्कर्ष. मुंबईचा वाटा सुमारे 5100, पुण्याचा सुमारे 1400. समुद्राचा वारा आहे म्हणून मुंबई सुटते, टेकड्या आहेत म्हणून पुणे सुटते, या समजुतीत आपण फार काळ राहिलो. आपल्या कायद्याने पीएम 2.5 साठी दिवसाची मर्यादा 60 मायक्रोग्रॅम आणि वर्षाची 40 ठेवली आहे, ती 2009 पासून. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये हेच आकडे 15 आणि 5 वर आणले. आपल्या मर्यादेच्या आत असलेल्या दिवसांतही माणसे दगावतात, हे त्या दहा शहरांच्या नोंदींतून दिसले.

दाखल्याचा प्रश्न लंडनमध्ये एका आईने सोडवून घेतला. एला अडू-किसी-डेब्रा ही मुलगी लुइशॅम भागात साउथ सर्क्युलर या वर्दळीच्या रस्त्यापासून 25 मीटरवर राहायची. तिला तीव्र दमा होता. तीन वर्षांत जवळपास 30 वेळा तिला रुग्णालयात न्यावे लागले आणि फेब्रुवारी 2013 मध्ये, नवव्या वर्षी, ती गेली. पहिल्या चौकशीत हवेचा उल्लेख नव्हता. तिची आई रोझमंड स्वस्थ बसली नाही. प्रा. स्टीफन होलगेट या दम्याच्या तज्ज्ञांनी एलाच्या आजारपणाच्या तारखा आणि घराजवळच्या प्रदूषणाच्या नोंदी पडताळून अहवाल दिला. उच्च न्यायालयाने 2019 मध्ये पहिला निष्कर्ष रद्द केला. डिसेंबर 2020 मध्ये कॉरोनर, म्हणजे मृत्यूच्या कारणाची चौकशी करणारे अधिकारी, फिलिप बार्लो यांनी निर्णय दिला: तीव्र श्वसननिकामी अवस्था, दमा, आणि वायुप्रदूषणाचा संपर्क. ब्रिटनमध्ये एखाद्याच्या मृत्यूचे कारण म्हणून हवेची अशी नोंद पहिल्यांदाच झाली. त्या निर्णयातली आणखी एक गोष्ट मला जास्त अस्वस्थ करते. हवेमुळे दमा बळावतो याची माहिती आईला कुणी दिलीच नव्हती. दिली असती तर तिने काही पावले उचलली असती, असे कॉरोनरनी नोंदवले. पुढे 2021 मध्ये त्यांनी सरकारला सुचवले की जागतिक मर्यादा किमान मानून कायद्याने बांधील उद्दिष्टे ठरवा.

याच लंडनमध्ये डिसेंबर 1952 च्या पाच दिवसांच्या धुरक्याने आधी 4 हजार आणि नव्या हिशोबाने 12 हजारांच्या आसपास बळी घेतले होते. तेव्हाही पुढच्या मृत्यूंचे खापर फ्लूवर फोडले गेले. कायदा 1956 मध्ये आला.

आपल्याकडे कागदावर कार्यक्रम आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जानेवारी 2019 मध्ये सुरू झाला, त्यात मुंबई, पुणे, नागपूरबरोबर चंद्रपूर, सोलापूर, जालना, लातूर अशी महाराष्ट्रातली अनेक शहरे आहेत. पण सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने 2024 मध्ये केलेल्या पाहणीत खर्चापैकी 64 टक्के पैसा रस्त्यावरच्या धुळीवर गेल्याचे आढळले, उद्योगांच्या धुरावर एक टक्काही नाही. कामगिरी मोजली जाते ती पीएम 10 वर, म्हणजे जाड कणांवर. रस्ते झाडावेत, पाणी मारावे, त्याला कुणाचा विरोध नाही. पण डॉक्टर ज्या कणांनी हैराण आहेत, ते कोळसा, डिझेल, जळता कचरा आणि लाकडाच्या भट्ट्यांतून येतात.

मुंबईचेच उदाहरण घ्या. गल्लीतल्या बेकरीत पहाटे पाव भाजला जातो तो अनेक ठिकाणी मोडक्या फर्निचरच्या आणि जुन्या दारांच्या लाकडावर. त्या लाकडावरचे पॉलिश आणि रंग सगळे जळते, धुराडे शेजारच्या चाळीच्या दुसऱ्या मजल्याशी संपते. हवेच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेणाऱ्या मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये अशा भट्ट्या सहा महिन्यांत गॅसवर किंवा अन्य स्वच्छ इंधनावर नेण्यास सांगितले. आदेश स्वागतार्ह आहे. पण छोट्या बेकरीवाल्याला नवी भट्टी घ्यायला कर्ज आणि पाइपचा गॅस कोण देणार, हे सरकारने ठरवले नाही तर त्याचा धंदाही बुडेल आणि धूरही दुसऱ्या गल्लीत जाईल.

डॉक्टर जे मागत आहेत ते अवाजवी नाही. 2009 ची मर्यादा खाली आणा. पीएम 2.5 कमी झाला की नाही, यावर शहरांचा निधी ठरवा. हवा बिघडली की दम्याचे आणि हृदयविकाराचे किती रुग्ण आले, हे प्रत्येक सरकारी रुग्णालयाने नोंदवावे आणि जाहीर करावे. प्रदूषणाच्या संपर्कासाठी आयसीडी-10 या वर्गीकरणात झेड 58.1 हा क्रमांक आधीपासून आहे, तो रुग्णाच्या कागदांवर लिहायला सुरुवात करता येईल. इशाऱ्याच्या दिवशी शाळेच्या मैदानाबरोबर त्या परिसरातले बांधकामही थांबले पाहिजे, आणि मजुरांना त्या दिवसाची मजुरी मिळाली पाहिजे.

तुमच्या घरात दम्याचे मूल किंवा हृदयरोगी असेल, तर पुढच्या वेळी डॉक्टरांना विचारा, हा त्रास हवेमुळे वाढलाय का? हो म्हणाले, तर ते केसपेपरवर लिहून द्यायला सांगा. त्याची प्रत नगरसेवकाला द्या, आमदाराला द्या.