कॉम्प्युटर चालू होतो, पण विंडोज येत नाही? फॉरमॅट करायच्या आधी हे वाचा



१६ जून ते १५ ऑगस्ट आपल्या मध्य प्रदेशात मासेमारी बंद असते. डोंगे काठावर आणि जाळी दुरुस्तीला. पण संस्थेच्या कार्यालयात मात्र याच दिवसांत कागदांची गर्दी होते. बचत-सह-राहत योजनेची यादी, सभासदांचे आधार आणि बँक खाते क्रमांक, विम्याची नावं, मत्स्यबीजाचा हिशोब, सगळं कॉम्प्युटरात. मागच्या पावसाळ्यात ऐन यादी पाठवायच्या वेळी आमचा कॉम्प्युटर रुसला. बटण दाबलं की लाइट लागे, पंखा फिरे, पण स्क्रीन काळीच.

मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "विंडोज उडाली, फॉरमॅट मारावं लागेल." फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं. आणि यादीची दुसरी प्रत आमच्याकडे नव्हती! त्या दिवशी घाई केली असती तर कितीतरी घरांची नावं पुन्हा गोळा करावी लागली असती. सुदैवाने एका सभासदाच्या मुलाने थांबवलं. निघालं काय, तर रॅमच्या पट्टीवर ओल बसली होती आणि आतला छोटा सेल संपला होता. खर्च फक्त सेलचा.

तेव्हा जे शिकलो ते इथे सांगतो. आता बऱ्याच घरी मुलांच्या अभ्यासाला कॉम्प्युटर आहे, दुकानदार आणि बोटमालकांकडेही आहे.

🔹 आधी समजून घ्या, आत काय होतं

बटण दाबलं की आधी वीज पोचते. मग मदरबोर्डवरचा बायोस नावाचा प्रोग्राम प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले तपासतो. सगळं ठीक असलं तर तो हार्ड डिस्क शोधतो आणि तिथून विंडोज उचलतो. डोंगा पाण्यात लोटायच्या आधी आपण फळ्या पाहतो, वल्हं पाहतो, मग जाळं चढवतो, तसंच. म्हणून पंखा फिरतो याचा अर्थ एवढाच की वीज आत येते. गाडी नेमकी कुठे अडली ते स्क्रीन सांगते.

🔹 पहिला प्रकार: स्क्रीन पूर्ण काळी

१) मॉनिटरचा स्वतःचा लाइट बघा. केबल दोन्ही टोकांना नीट दाबा. वेगळं ग्राफिक कार्ड असेल तर केबल त्या कार्डालाच लागली पाहिजे.

२) कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबा. त्याचा लाइट लागत-विझत असेल तर कॉम्प्युटर बहुतेक जिवंत आहे, दोष मॉनिटर किंवा केबलकडे शोधा.

३) पेनड्राइव्ह, प्रिंटर, सगळं काढा. प्लग काढून पॉवर बटण २० सेकंद दाबून धरा, मग पुन्हा लावून बघा.

४) बीप ऐकू येत असतील तर मोजा आणि लिहून ठेवा. किती बीपचा काय अर्थ ते कंपनीनुसार बदलतं, पण मेकॅनिकला त्याने बरीच मदत होते.

५) आता रॅम. प्लग काढा, डब्याच्या लोखंडी भागाला हात लावा म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. दोन्ही टोकांच्या क्लिपा उघडून पट्टी काढा. सोनेरी दातांवर मऊ खोडरबर हलक्या हाताने फिरवा, कचरा कोरड्या ब्रशने झाडा. पट्टी परत बसवताना क्लिप "टक्" वाजली पाहिजे. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघा. वैनगंगेकाठच्या दमट हवेत पावसाळ्यात हाच दोष फार दिसतो.

⚠️ वीज आत आणणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात झटका देण्याइतकी वीज साठून राहते.

🔹 दुसरा प्रकार: कंपनीचं नाव दिसतं, मग "बूट डिव्हाइस सापडत नाही"

इथे बायोसची तपासणी झाली आहे, डिस्क सापडत नाहीये.

१) पेनड्राइव्ह लावलेला राहिला आहे का? कॉम्प्युटर त्यातच विंडोज शोधत बसतो. काढा आणि पुन्हा सुरू करा.

२) तारीख-वेळ दर वेळी चुकते का? मग मदरबोर्डवरचा बटणासारखा गोल सेल संपलाय. बहुतेक ठिकाणी तो सीआर २०३२ असतो, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल संपला की बायोसच्या सेटिंग मूळ जागी जातात आणि मग चालू असलेली डिस्कही सापडत नाही. प्लग काढून सेल बदला, तारीख लावा, डिस्कला बूटच्या यादीत वर आणा.

३) चालू करताच डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये जा. तिथे डिस्कचं नाव दिसतं का? नसेल तर कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून डिस्कच्या दोन्ही केबल, विजेची आणि डेटाची, काढून परत घट्ट लावा.

४) डिस्कमधून "टिक-टिक" किंवा खरखर येत असेल तर तिथेच थांबा. पुन्हा पुन्हा चालू केलं तर आतली माहिती कायमची जाऊ शकते. डेटा काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्या.

🔹 तिसरा प्रकार: विंडोजचं चक्र फिरतं आणि अडकतं, किंवा निळी स्क्रीन

चक्र फिरताना पॉवर बटण दाबून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतः दुरुस्तीचा पडदा उघडते. त्यात "स्टार्टअप रिपेअर" निवडा. नाही जमलं तर "सेफ मोड". नुकतंच अपडेट झालं असेल तर तिथूनच ते काढता येतं. "रिसेट"ला मात्र हात लावू नका. "फाइल्स ठेवा" म्हटलं तरी टॅलीसारखे प्रोग्राम उडतात. आधी प्रत, मग रिसेट.

नव्या मशीनवर निळ्या पडद्यावर ४८ आकडी बिटलॉकर की मागितली जाऊ शकते. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने कॉम्प्युटर सुरू केला, ती बहुतेक त्यातच असते. आजच शोधून वहीत लिहा.

आणखी एक. "विंडोज १० बंद झालं म्हणून चालू होत नाही" असं कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचे नेहमीचे मोफत अपडेट थांबले. त्याने कॉम्प्युटर बंद पडत नाही.

🔹 मेकॅनिकला द्यायच्या आधी तीन गोष्टी बोला

• "आधी डेटा काढा, मग हात लावा." डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून प्रत घेता येते.
• "विचारल्याशिवाय फॉरमॅट नको."
• बदललेला जुना भाग परत मागा.

🔹 आणि आमची चूक तुम्ही करू नका

आता संस्थेत नियम केलाय. दर शनिवारी यादी आणि हिशोब दोन ठिकाणी उतरवायचा. एक प्रत पेनड्राइव्हवर, ती सचिवांच्या घरी. दुसरी इंटरनेटवरच्या ड्राइव्हवर, पासवर्ड लावून, कारण त्यात सगळ्यांचे खाते क्रमांक आहेत. ढग गडगडायला लागले की कॉम्प्युटर आणि इंटरनेट, दोन्हीचे प्लग काढायचे. यूपीएसचा उपयोग लाइट गेल्यावर काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता.

फाटलेलं जाळं विणता येतं, पुसलेली यादी विणता येत नाही. बंदीच्या दिवसांत जाळी काढाल तेव्हा घरच्या कॉम्प्युटरचीही एक प्रत काढून ठेवा. कुठे अडलात तर स्क्रीनवर जे दिसतं त्याचा मोबाइलवर फोटो काढा आणि कार्यालयात या. मिळून बघू. 🙏