मारुती चितमपल्ली : आदरांजलीतले गैरसमज

१८ जून २०२५ रोजी सोलापुरात निसर्गलेखक मारुती चितमपल्ली गेले आणि वऱ्हाडातले वाचक हळहळले. प्राण्यांचे कार्यक्रम टीव्हीवर घरोघरी पोचण्याच्या कितीतरी आधी इथल्या माणसांना रान दाखवलं ते त्यांच्या पुस्तकांनी. त्यांच्यावर जे लिहिलं-बोललं गेलं त्यात प्रेम भरपूर आहे. पण काही समजुतीही अशा रुजल्या आहेत, की त्या तशाच राहिल्या तर खरा माणूस विसरला जाईल आणि नुसती पूजेची तसबीर उरेल.

ते मूळचे विदर्भाचेच, असं अनेकांना वाटतं. त्यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९३२ चा, सोलापूरचा. घरची भाषा तेलुगू. विदर्भाशी नातं जुळलं ते वनखात्याच्या नोकरीमुळे, आणि अखेरची वर्षंही त्यांनी सोलापुरातच काढली.

‘अरण्यऋषी’ हे त्यांचं बिरुद ऐकलं की सगळं सोडून जंगलात जाऊन बसलेला तपस्वी डोळ्यांपुढे येतो. चितमपल्ली सरकारी अधिकारी होते. १९५८ ते १९६० या काळात कोइमतूरच्या वनमहाविद्यालयात त्यांचं रीतसर प्रशिक्षण झालं. नवेगावबांध, नागझिरा अशा ठिकाणी त्यांनी काम केलं, मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचे ते उपसंचालक होते आणि १९९० साली निवृत्त झाले. त्यांचं ज्ञान समाधीतून आलेलं नव्हतं. नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणकारांकडून आणि रानात राहणाऱ्या आदिवासींकडून ते विचारून विचारून शिकले, पाहिलेलं टिपत गेले. मला त्यांचं मोठेपण इथेच दिसतं. हुद्द्यावरच्या माणसानं जमिनीवर बसून शिकणं आपल्याकडे फार दुर्मीळ आहे.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज पावसाबद्दलचा आहे. मृग जवळ आला की त्यांच्या नावानं संदेश फिरू लागतात : कावळ्यानं घरटं अमुक ठिकाणी बांधलं, तेव्हा यंदा पाऊस चांगला. पशुपक्ष्यांच्या वागण्यावरून पावसाचा अंदाज बांधण्याच्या परंपरेबद्दल चितमपल्ली लिहीत आणि बोलत, हे खरं आहे. त्यांच्या लेखनात तीन धारा एकत्र वाहतात : स्वतःचं निरीक्षण, आदिवासींचं पिढीजात ज्ञान आणि जुन्या संस्कृत ग्रंथांतले उल्लेख. वाचताना कोणती धारा कोणती हे ओळखावं लागतं. कावळ्याचं घरटं हा लोकपरंपरेतला ठोकताळा आहे. त्यावर विसंबून सोयाबीन किंवा कपाशी पेरणाऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येऊ शकते. पुरेसा, म्हणजे साधारण ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरावं, हा कृषितज्ज्ञांचा सल्ला आहे. चितमपल्लींवर प्रेम करणाऱ्यानं तोच मानावा.

रानात वावरणाऱ्या माणसाचा शेवट रानातल्या जनावरामुळेच होतो, अशीही एक समजूत असते. ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह आयर्विन ४ सप्टेंबर २००६ रोजी गेले तेव्हा ती जगभर पक्की झाली. मगरी आणि सापांना हाताळणारा हा सादरकर्ता समुद्रात चित्रीकरण करताना पाकट माशाचा काटा छातीत घुसून दगावला. असे मृत्यू अतिशय विरळ आहेत, कारण पाकट तो काटा स्वसंरक्षणासाठी वापरतो. तरी त्यानंतर तिथल्या किनाऱ्यांवर शेपट्या छाटलेले मेलेले पाकट सापडले. ज्यानं प्राण्यांसाठी आयुष्य वेचलं त्याच्या मृत्यूनंतर प्राण्यांचाच जीव जावा, हे फार वाईट झालं. हयातभर वाघ-बिबट्यांच्या मुलखात हिंडलेले चितमपल्ली मात्र वयाच्या ९२ व्या वर्षी वृद्धापकाळानं गेले.

शेवटची समजूत अशी, की त्यांच्याबरोबर जंगल जाणणारा शेवटचा माणूस गेला, आता कळायचं काही उरलं नाही. याला उत्तर मेळघाटातच आहे. रानपिंगळा हे छोटं, दिवसाही हिंडणारं घुबड १८८४ नंतर कुणाला खात्रीनं दिसलं नव्हतं. ते नामशेष झालं असंच मानलं जाई. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ ते पुन्हा सापडलं आणि पुढच्या काही वर्षांतल्या पाहणीत मेळघाटातही आढळलं. म्हणजे चितमपल्ली निवृत्त झाल्यानंतर सात वर्षांनी हा पक्षी जगाला परत मिळाला, आणि तोही त्यांनी काम केलेल्या जंगलात होता. मेळघाट हा राज्यातला पहिला व्याघ्र प्रकल्प, १९७३-७४ चा. एवढी वर्षं राखलेल्या रानानंही आपलं सगळं दाखवलेलं नव्हतं.

राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो : ५ तारीख चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारीख पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचा. त्या आठवड्यात अमरावतीकरांनी वडाळी किंवा छत्री तलावावर जावं, अकोलेकरांनी काटेपूर्णेला. फोटोला हार घालायचाच असेल तर खुशाल घाला, पण मुलांच्या हाती एक वहीही द्या आणि दिसलेला प्रत्येक पक्षी, तारीख आणि जागा त्यांच्याकडून लिहून घ्या.