उरलेल्या मलमांचें काय करावें?

दसरा-दिवाळीच्या सुमारास घरोघर झाडलोट निघाली म्हणजे कोनाड्यांतून व फडताळांतून मलमाच्या अर्धवट पिळलेल्या नळ्या हटकून बाहेर येतात. एक गजकर्णावरची, एक खरजेवरची, एक आजोबांच्या गुडघ्यांस चोळण्याची! कोणी त्या उकिरड्यावर फेंकतो, कोणी केराबरोबर पेटवितो, तर कोणी ‘फुकट कां घालवावें?’ म्हणून शेजाऱ्यास देतो. हे तिन्ही मार्ग चुकीचे कसे व बरा मार्ग कोणता, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम या दानाचाच विचार करूं. गजकर्ण हा बुरशीपासून होणारा रोग आहे. बाजारांतील कित्येक मलमांत बुरशीनाशक द्रव्याबरोबर स्टिरॉइडहि मिसळलेलें असतें. त्यानें खाज लवकर थांबते व रोग गेला असें वाटतें. परंतु कातडीची प्रतिकारशक्ति दबल्यामुळें बुरशी पसरत राहते आणि रोग हट्टी होतो. चेहऱ्यावर तें फार दिवस चोळल्यास कातडी पातळ होते. म्हणूनच २०१८ सालीं केंद्र सरकारनें अशीं कित्येक स्टिरॉइड मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकूं नयेत असें ठरविलें. जें दुकानदारानें चिठ्ठीवांचून देऊं नये, तें आपण शेजारच्या लेंकरास कसें द्यावें?

आतां उकिरड्याविषयीं. तेथें गुरें, कुत्रीं व लहान मुलें फिरतात. पावसानें औषध वाहून ओढ्यास जातें. देगलूरजवळून वाहणारी लेंडी मांजरेस मिळते व मांजरा गोदावरीस. तेव्हां आपल्या मोरींतील पाणी केवळ आपलें राहत नाहीं. खरजेच्या मलमांतील परमेथ्रिन माणसाच्या कातडीस सोसतें, पण माशांस तें अत्यंत विषारी आहे. सांधेदुखीच्या मलमांत पुष्कळदां असणारें डायक्लोफेनॅक गुरांस टोचलें जात असे. अशा मृत गुरांचें मांस खाऊन गिधाडें मरतात असें २००४ सालीं सिद्ध झालें, व २००६ सालीं भारतांत गुरांसाठीं त्याच्या उत्पादनास बंदी झाली. रोग्यास उपकारक औषध इतरांस घातक होऊं शकतें, हा यांतील धडा होय.

जाळणें तर त्याहूनहि वाईट. मलमांचा आधार बहुधा पॅराफिनसारखा तेलकट व पेट घेणारा असतो, आणि प्लास्टिकच्या नळीचा धूर विषारी असतो.

मग करावें काय? २०१६ च्या घनकचरा नियमांनीं मुदत संपलेलीं औषधें घरगुती घातक कचऱ्यांत गणिलीं. म्हणून तीं वेगळीं ठेवून, नगरपालिकेची गाडी किंवा ओळखीचा औषधविक्रेता घेतो काय, हें प्रथम विचारावें. केरळांत २०२५ सालीं उरलेलीं औषधें गोळा करण्याची योजनाच सुरू झाली. अशी सोय नसल्यास मलम जुन्या कागदावर पिळावें; भिजलेली चहापूड, माती किंवा लाकडाचा भुसा यांत कालवून पिशवींत घट्ट बांधावें व केराच्या गाडींत द्यावें. नळीवर रोग्याचें नांव असल्यास तें खोडावें. शेवटीं हात साबणानें धुवावे. शौचकूपांत मलम ओतूं नये. २०२५ च्या सरकारी मार्गदर्शिकेंत तसें टाकण्यास योग्य म्हणून सांगितलेलीं औषधें केवळ १७ आहेत, व तीं एका चुकीच्या मात्रेनेंहि प्राण घेऊं शकतील अशीं आहेत.

मातापितरांस आमची विनंती एवढीच, कीं गरजेपुरती लहान नळी घ्यावी, आणि ती उघडल्याची तारीख तीवर लिहावी. विद्यार्थ्यांनीं या सुटींत आपला कोनाडा स्वतः तपासावा. ज्या हातांनीं औषध लाविलें, त्याच हातांनीं तें जपून टाकणें, हें शुश्रूषेचेंच शेवटचें काम आहे.