टाकीत पाणी आलं कुठून?

जुलै महिना म्हणजे आमच्या शिरगावात चिखलणीची धांदल. एका बाजूला समुद्राची गाज, दुसऱ्या बाजूला ट्रॅक्टरची घरघर! राबातली रोपं तीन-साडेतीन आठवड्यांची झाली की लावणी उरकावी लागते. रोपं जून झाली तर फुटवे कमी येतात आणि भात कमी पिकतो.

अशाच एका सकाळी माझ्या चौथीतला एक मुलगा पडलेल्या चेहऱ्याने वर्गात आला.

"बाई, आमचा ट्रॅक्टर शेतातच बसला. आधी खोकल्यासारखा आवाज केला, पांढरा धूर सोडला आणि बंद! मिस्त्री म्हणाला, डिझेलमध्ये पाणी आहे. आजोबा म्हणतात, पंपवाल्याने फसवलं."

शाळा सुटल्यावर मी त्याच्याबरोबर गेले. मिस्त्रीने फिल्टरखालची काचेची वाटी काढून ठेवली होती. वर पिवळसर डिझेल, खाली नितळ पाणी आणि मध्ये पट्टीने आखावी तशी रेघ. लिटरभर पाण्याचे वजन एक किलो, तर लिटरभर डिझेलचे साधारण ८२० ते ८५० ग्रॅम. म्हणून पाणी तळाशी बसते. आणि टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी बहुधा तळाजवळच असते!

"एवढ्याशा पाण्याने एवढा मोठा ट्रॅक्टर अडतो?" मुलाने विचारले.

अडतो बरं का! रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली चालले. त्यात ठिणगी नसते. हवा सोळा-अठरा पट दाबली की ती इतकी तापते, की तिच्यात डिझेलचा फवारा मारताच तो पेट घेतो. हा फवारा मारणाऱ्या पंपातल्या भागांमधली फट आपल्या केसाच्या जाडीच्या विसाव्या हिश्शापेक्षाही कमी असते. तिथे वंगणाचे काम डिझेलच करते. पाणी आले की वंगण गेले, गंज आला. शिवाय पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्म जीव वाढतात. त्यांचा बुळबुळीत थर फिल्टर तुंबवतो.

पण मूळ प्रश्न राहिलाच. पाणी आले कुठून? टाकीचे झाकण घट्ट होते.

उत्तर अंगणात सापडले. तिथे डिझेलचा कॅन उभा होता, उघड्यावर. बूच घट्ट लावलेले. पण बुचाभोवतीच्या खोलगट जागेत पावसाचे पाणी साचले होते. उघडीप पडली की कॅन तापतो आणि आतली हवा फुगून बुचाच्या बारीक फटीतून बाहेर जाते. सर आली की कॅन थंड होतो, हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी आत ओढून घेते. बुचावर पाणी असेल तर पाणीच ओढणार!

आजोबांना पटेना. मग मी प्लॅस्टिकची रिकामी बाटली कोमट पाण्याने विसळली, बूच लावले आणि विहिरीच्या गार पाण्यात धरली. बाटली कडकन आत चेपली. आजोबा काही बोलले नाहीत. पण कॅनकडे बघत राहिले. (हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. पाणी कोमटच घ्या, उकळते नको.)

टाकीतही थोडे पाणी येते, तेही बिनपावसाचे. आमच्या किनाऱ्यावरची हवा दमट. टाकी अर्धी रिकामी ठेवली, तर रात्री आतल्या थंड पत्र्यावर दव धरते. एका रात्रीत जेमतेम काही थेंब, पण महिनोन् महिने साचत गेले की वाटी भरते. म्हणून डिझेल सकाळी नव्हे, संध्याकाळी काम संपल्यावर भरावे. इंजिन बंद करून, ते निवल्यावर. जवळपास विडी-काडी नको. आधी झाकणाभोवतीचा चिखल पुसायचा, नरसाळ्याला बारीक जाळी लावायची आणि कॅनच्या तळातले दोन बोटे डिझेल तसेच राहू द्यायचे. टाकी अगदी गळ्यापर्यंत भरू नये. डिझेल तापले की फुगते. सकाळी स्टार्टर मारण्याआधी फिल्टरखालचा स्क्रू सैल करून एका बरणीत थोडे डिझेल काढले, की रात्रभर तळाशी बसलेले पाणी निघते. बरणीतले विहिरीत वा ओढ्यात मात्र ओतू नका. हे काम मोठ्यांचे. तुम्ही बरणीतली रेघ बघा.

पालकांनाही एक सांगायचे आहे. कॅनमध्ये नळी घालून तोंडाने डिझेल ओढायची सवय गावोगावी आहे. मला तिची फार भीती वाटते. घोटभर डिझेल श्वासनलिकेत गेले तरी फुप्फुसाला गंभीर इजा होते. हातपंप आणा, तो महाग नसतो.

शेजारच्या सातपाटीच्या वर्गमित्रांना हे सारे सांगायची गरज नाही. त्यांच्या होड्याही डिझेलवरच चालतात. शेतात इंजिन बंद पडले तर माणूस चालत घरी येतो, समुद्रात?

त्या मुलाच्या घरची लावणी आठ दिवस मागे पडली. पंप उघडून साफ करावा लागला, नोझल बदलावे लागले. मिस्त्रीने नळ्यांतली एअर काढली, तेव्हा कुठे ट्रॅक्टर सुरू झाला. आजोबांनी पंपवाल्याकडे पुन्हा विषय काढला की नाही, ते मी विचारले नाही. कॅन मात्र आता पडवीत आहे, फळीवर, आणि त्याच्या बुचावर एक जुने घमेले पालथे घातलेले असते.