‘तुलाच भास होतो’ म्हणजे काय?

“मी असं बोललोच नाही, तुझ्याच डोक्यात बिघाड आहे,” असं रोज ऐकवलं की बाई स्वतःच्या आठवणीवरच शंका घेऊ लागते. यालाच ‘गॅसलायटिंग’ म्हणतात. पॅट्रिक हॅमिल्टन यांच्या १९३८ च्या ‘गॅस लाइट’ या नाटकातला नवरा वस्तू स्वतः लपवतो आणि बायकोला वेडी ठरवू पाहतो. शब्द तिथून आला.

एखाद्या वेळचा विसर वेगळा. मुद्दाम, वारंवार खोटं पाडणं हा छळ आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदाही भावनिक छळाला हिंसाच मानतो.

आपण लेकीला सब्र शिकवतो. सब्र म्हणजे स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास नव्हे, हेही तिला सांगू या. घडलेलं तारखेसह लिहून ठेव, अम्मीला किंवा बहिणीला सांग, गरज पडली तर १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन कर.