लिंका साठवणं आणि लिंका लावणं

शाळेत गटप्रकल्प जाहीर झाला की संध्याकाळपर्यंत वर्गाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप लिंकांनी भरून जातो. एकीने बातमी टाकलेली, दुसऱ्याने यूट्यूबचा व्हिडिओ, तिसऱ्याने तीच बातमी पुन्हा. मध्येच कुणाचा तरी वाढदिवस येतो, केकचे फोटो येतात आणि चार दिवसांनी 'ती पीडीएफ कोणी टाकली होती रे? परत टाक ना' अशी शोधाशोध सुरू होते. लिंक कुठे गेलेली नसते. ती तिथेच असते, सापडत मात्र नाही. ग्रंथपालांना ही अवस्था चांगलीच ओळखीची आहे: चुकीच्या फळीवर गेलेलं पुस्तक आणि चोरीला गेलेलं पुस्तक यांत वाचकाच्या दृष्टीने काही फरक नसतो.

ब्राउझरमध्ये आपण एखाद्या पानाला खूण करून ठेवतो ती आपल्यापुरती. सोशल बुकमार्किंगच्या साधनात तीच खूण इंटरनेटवरच्या सामायिक खात्यात जाते. ती कोणी आणि कधी ठेवली हे नोंदलं जातं, सोबत दोन ओळींची टीप लिहिता येते आणि हवे तितके टॅग, म्हणजे आपल्या मनाने दिलेली विषयनावं, जोडता येतात. अमेरिकेतल्या जोशुआ शॅक्टर यांनी २००३ साली 'डिलिशस' सुरू केलं आणि हा प्रकार लोकांच्या हाती आला. दोनच वर्षांत याहूने ते विकत घेतलं. कुणीही वरून न लादता, टॅगांच्या गर्दीतून आपसूक उभ्या राहणाऱ्या या वर्गीकरणाला थॉमस व्हँडर वॉल यांनी २००४ मध्ये 'फोक्सॉनॉमी' असं नाव दिलं. साधन इतकंच. वर्गात त्याचं काय करायचं, हा प्रश्न जास्त रंजक आहे.

समजा, इंदूरच्या एखाद्या शाळेने 'आपलं शहर आणि कचरा' हा विषय घेतला. तो घेतला जाणं साहजिकच आहे. २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं हे शहर स्वच्छ सर्वेक्षणात पहिलं आलं. सातव्या वेळी पहिला क्रमांक सुरतसोबत वाटून घेतला. रोज ५५० टन ओला कचरा पचवू शकणारा बायो-सीएनजी प्रकल्प फेब्रुवारी २०२२ मध्ये इथेच सुरू झाला. त्यामुळे चाळीस मुलांनी गूगलवर शोध घेतला तर चाळीसही जणांच्या हाती गेल्या आठ-दहा वर्षांतल्या बातम्या येतील. क्रमांक, बक्षिसं, गाड्या, गाड्यांवरची गाणी.

पण इंदूर आणि कचरा यांचं नातं फार जुनं आहे. १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड हे कृषिशास्त्रज्ञ इंदूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री'मध्ये होते. शेतातला पालापाचोळा, शेण, माती आणि राख यांचे थर लावून, ठरावीक दिवसांनी वरखाली करून खत बनवण्याची पद्धत त्यांनी तिथे बसवली. आजही जगभरच्या सेंद्रिय शेतीच्या पुस्तकांत ती 'इंदूर पद्धत' म्हणूनच येते. १९३१ साली याविषयी निघालेल्या पुस्तकावर हॉवर्ड यांच्या बरोबरीने यशवंत डी. वाड यांचं नाव आहे. जगाला ठाऊक असलेल्या खताच्या पद्धतीवर एका मराठी रसायनतज्ज्ञाची सही आहे, हे इंदूरच्या किती मराठी घरांना माहीत असेल?

त्याही आधीचे पॅट्रिक गेडिस. या स्कॉटिश नगररचनाकाराने होळकर दरबारासाठी इंदूरचा आराखडा केला. त्याचा दोन खंडांचा अहवाल १९१८ साली छापला गेला. प्लेगने गांजलेल्या या शहरात गेडिस यांनी १९१७ च्या दिवाळीत भलीमोठी मिरवणूक काढल्याची हकिगत त्यांच्या चरित्रांत येते. मिरवणुकीत प्लेगचा प्रचंड उंदीर होता आणि सफाई कामगार नवे पांढरे कपडे घालून, सजवलेल्या गाड्यांसह मानाने चालत होते. शंभर वर्षांपूर्वीची ही स्वच्छता मोहीम बातम्यांच्या शोधात वर येत नाही. चाळिसातल्या एखाद्या मुलीला ती सापडते, आणि तिची ती एक खूण बाकीच्या एकोणचाळीस जणांचा प्रकल्प बदलून टाकू शकते.

ग्रंथालयात या विषयाची पुस्तकं शेजारी नसतात. ड्युई पद्धतीच्या कपाटांत गेडिस नगररचनेत, ७११ क्रमांकाखाली. हॉवर्ड आणि वाड शेतीतल्या खतांमध्ये, ६३१.८ जवळ, आणि शहरी घनकचऱ्यावरचं अभियांत्रिकी पुस्तक ६२८ मध्ये. ग्रंथालयाची यात चूक नाही. छापील पुस्तक एका वेळी एकाच फळीवर राहू शकतं, एवढंच. टॅगला ही अडचण नाही. 'इंदूर-कचरा' असा एक शब्द जोडला की तिन्ही एका यादीत येतात आणि आपापल्या जागीही राहतात.

या अडचणीवर ज्यांनी जन्मभर विचार केला ते मूळचे गणिताचे प्राध्यापक शियाळी रामामृत रंगनाथन १९५७ ते १९५९ अशी दोन वर्षं इंदूरहून तासा-दीड तासाच्या अंतरावर, उज्जैनच्या विक्रम विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र शिकवत होते. इंदूरमधली महाविद्यालयं १९६४ पर्यंत त्याच विद्यापीठाखाली होती. उज्जैनला येण्याच्या कितीतरी आधी रंगनाथन लंडनच्या एका दुकानात मेकॅनोचा खेळ पाहत थांबले होते. त्याच त्या पट्ट्या आणि स्क्रू वेगवेगळ्या जुळवून गाडीही होते आणि क्रेनही, हे पाहून त्यांना १९३३ च्या आपल्या कोलन पद्धतीची किल्ली सापडली. विषयाला एक तयार क्रमांक चिकटवायचा नाही, पाच अंगांनी तो फोडायचा: मुख्य वस्तू कोणती, पदार्थ कोणता, क्रिया कोणती, स्थळ कोणतं, काळ कोणता. त्यांचा ग्रंथालयशास्त्राचा चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असं सांगतो. तो १९३१ चा, म्हणजे हॉवर्ड आणि वाड यांच्या पुस्तकाच्याच वर्षीचा.

वर्गात रंगनाथन यांची ही पाच अंगं कमालीची उपयोगी पडतात. मुलांना 'टॅग द्या' एवढंच सांगितलं तर 'माहिती', 'छान', 'प्रकल्प' असले टॅग येतात. ही खोड फक्त मुलांची नाही. स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्यूबरमन या संशोधकांनी डिलिशसवरच्या खुणा तपासल्या तेव्हा 'वाचायचंय' या अर्थाचे खासगी टॅग मोठ्यांनीही भरपूर दिलेले आढळले. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मात्र उत्साह वाढवणारी होती: एखाद्या पानाला शंभरेक लोकांनी खुणा केल्या की कोणते टॅग किती प्रमाणात येणार हे जवळजवळ स्थिरावतं. शंभर अनोळखी माणसांत न बोलता एकमत होतं.

वर्गात मात्र शंभर माणसं नसतात, आणि इंदूरच्या वर्गात भाषा एक नसते. मराठी घरातला मुलगा 'इंदूर' लिहील, हिंदी घरातली मैत्रीण 'इंदौर', जुनं पुस्तक पाहणारा 'इन्दौर', आणि फोनवर घाईत असलेला रोमन अक्षरांत. तीच गत 'होळकर' आणि 'होलकर' यांची, 'अहिल्याबाई' आणि 'अहल्याबाई' यांची. माणसाला हे सगळं एकच; यंत्राच्या लेखी चार नावं म्हणजे चार कप्पे. यात आणखी एक गंमत आहे. 'कचऱ्याचं' या शब्दातला 'ऱ्या' संगणकावर दोन रीतींनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, पण आतली चिन्हं वेगळी असल्याने साधा शोध घेणाऱ्या साधनाला ते दोन वेगळे शब्द वाटू शकतात. एकाच बाकावरच्या दोघींनी एकच टॅग दिला आणि याद्या मात्र दोन झाल्या, असं घडलं तर पोरींची चूक शोधण्यात अर्थ नाही.

म्हणून पहिल्या तासाला संगणक न उघडता फळ्यावर टॅगांची यादी करणं शहाणपणाचं. स्थळासाठी कोणता शब्द, काळ कसा लिहायचा (दशक की साल?), क्रियेसाठी 'खतनिर्मिती' की 'कंपोस्ट'? यावर वर्गात भांडण होतं, आणि व्हायलाच हवं. गेडिस यांच्या मिरवणुकीला 'आरोग्य' म्हणायचं, 'सण' म्हणायचं की 'जनजागृती', हे ठरवताना मुलांना ती मिरवणूक काय होती हे समजून घ्यावं लागतं. या साधनाने मुलं काही शिकत असतील तर ती याच वादात; खुणा ठेवणं हे पुढचं हमालीचं काम आहे. यादी ठरली की तीन टॅग बंधनकारक, बाकीचे ज्याचे त्याने द्यावेत. आणि आठवड्याला एकदा कुणीतरी बसून चुकार टॅग जुळवून घ्यायचे. ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घातक असा घरचा कचरा सहा भागांत वेगळा करणाऱ्या शहरातल्या मुलांना ही शिस्त नवी नाही.

टॅगपेक्षाही टीप मोलाची. 'या लेखात कचरा व्यवस्थापनाबद्दल चांगली माहिती आहे' हे वाक्य लेख न उघडताही लिहिता येतं आणि हल्ली चॅटबॉट ते क्षणात लिहून देतो. म्हणून टिपेत आपल्या प्रश्नाचं उत्तर नेमकं कुठे आहे ते लिहायला लावावं: कोणतं प्रकरण, कोणतं पान, कोणता तक्ता, आणि त्यात काय पटलं नाही. 'हॉवर्ड यांचा ढीग शेतातल्या कचऱ्याचा आहे, आपला घरचा. प्लास्टिकचं काय करायचं ते यात मिळणार नाही' अशी टीप लिहिणाऱ्या मुलाने पुस्तक नक्की उघडलेलं असतं. शिक्षकांच्या बाजूनेही फायदा आहे. कोणी काय, कोणत्या तारखेला टाकलं हे दिसतं. सगळ्या खुणा सादरीकरणाच्या आदल्या रात्री अकराला आल्या असतील तर तेही लपत नाही. आठ जणांनी टाकलेली लिंक बहुधा शोधाच्या पहिल्या पानावरची असते. एकट्यानेच टाकलेली आधी उघडून पाहावी.

मोठ्या ग्रंथालयांनी हे प्रयोग कधीच करून पाहिले आहेत. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने स्वतःचं 'पेनटॅग्ज' उभारलं. त्यात वेबपानाइतकीच सहज ग्रंथालयाच्या तालिकेतल्या पुस्तकाच्या नोंदीला खूण करता येत असे आणि विद्यार्थी त्यातून टिपांसह संदर्भसूची बनवत. लायब्ररी ऑफ काँग्रेसने जानेवारी २००८ मध्ये आपली जुनी छायाचित्रं फ्लिकरवर ठेवली. काही महिन्यांत लोकांनी त्यांना ६० हजारांहून अधिक टॅग दिले, कित्येक फोटोंतल्या जागा आणि माणसं ओळखून दिली. गैरप्रकार म्हणून काढून टाकाव्या लागलेल्या नोंदी अगदी थोड्या निघाल्या. भारतातल्या अनेक ग्रंथालयांत वापरली जाणारी मोफत 'कोहा' प्रणालीसुद्धा वाचकांना टॅग देण्याची आणि सामायिक याद्या करण्याची सोय देते. ग्रंथपालाने ती चालू केलेली असली पाहिजे, एवढीच अट.

आज निवड करायची तर 'डिइगो' पानावरच्या ओळी रंगवून समासात टिपा ठेवू देतं. 'झोटेरो' हे मोफत साधन महाविद्यालयासाठी सगळ्यात भरवशाचं: गट कितीही मोठा करता येतो, पुस्तकांच्या नोंदी शिस्तीत राहतात आणि संदर्भसूची आयती निघते. 'रेनड्रॉप' फोनवर सुटसुटीत आहे. यातलं काहीच जमत नसेल तर सामायिक गूगल शीटमध्ये लिंक, टॅग, टीप, नाव असे रकाने पाडले तरी शाळेचं निम्म्याहून अधिक काम भागतं. शाळेसाठी एक पथ्य मात्र आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्यांची माहिती हाताळायला पालकांची संमती घेण्याची तरतूद आहे. तेव्हा प्रत्येक मुलाचं वेगळं खातं उघडण्यापेक्षा वर्गाचं एक बंदिस्त खातं आणि नावाऐवजी हजेरी क्रमांक हा सोपा मार्ग.

या साधनांचं आयुष्य मात्र बेभरवशाचं. कॉनोटिया २०१३ मध्ये बंद पडलं, साइटयूलाइक २०१९ मध्ये, गूगल बुकमार्क्स २०२१ मध्ये, पॉकेट २०२५ मध्ये. डिलिशसची कथा तर नाटकासारखी. डिसेंबर २०१० मध्ये याहू ते गुंडाळणार अशी बातमी फुटली आणि लोक मात्सेय त्सेगुओव्स्की यांच्या 'पिनबोर्ड'कडे धावले. पुढच्या वर्षी नव्या मालकांनी डिलिशसचं रूप बदललं, तेव्हा टॅगमधली तिरकी रेघ पूर्वीसारखी चालेनाशी झाली. त्या रेघेवरच ज्यांचं सारं वर्गीकरण उभं होतं ते हौशी कथालेखक हवालदिल झाले. तुम्हाला काय काय हवं ते सांगा, असं त्सेगुओव्स्की यांनी विचारताच एकमेकांना न ओळखणाऱ्या या मंडळींनी एका सामायिक दस्तऐवजात पन्नासेक पानांची सविस्तर मागणी लिहून काढली. गटकार्याचा यापेक्षा चांगला नमुना शोधूनही सापडणार नाही. अखेर २०१७ मध्ये त्याच पिनबोर्डने डिलिशस ३५ हजार डॉलरना विकत घेतलं आणि नव्या खुणांसाठी बंद केलं.

साधन टिकलं तरी पानं टिकत नाहीत. प्यू संशोधन केंद्राच्या २०२४ मधल्या अहवालानुसार २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं गायब झालेली होती. तेव्हा महत्त्वाचं पान इंटरनेट अर्काइव्हच्या 'वेबॅक मशीन'मध्ये जतन करून तो पत्ताही टिपेत लिहावा. सत्र संपताना सगळ्या खुणा एक्सपोर्ट करून घ्याव्यात. बहुतेक साधनं त्यासाठी जुन्या नेटस्केप ब्राउझरच्या काळापासून चालत आलेली साधी एचटीएमएल फाइल देतात आणि ती कोणत्याही ब्राउझरमध्ये उघडते. एक प्रत शिक्षकांकडे, एक ग्रंथालयाच्या संगणकावर. आणि टिपांसह छापलेली यादी ६३१.८ च्या फळीवर, खतांच्या पुस्तकांशेजारी ठेवायला ग्रंथपालांची हरकत नसावी.