वजनकाटा आणि जामखेडचा दिवा

'एको'चा रिपोर्ट हाती पडला की घरात पहिला प्रश्न येतो: ईएफ 30 टक्के, म्हणजे 70 टक्के हृदय गेलं का? मुळीच नाही. ईएफ म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात बाहेर पडणारा हिस्सा. निरोगी हृदयही डाव्या कप्प्यात भरलेलं सगळं रक्त एका ठोक्यात बाहेर टाकत नाही. साधारण 55 ते 70 टक्केच टाकतं. 30 हा आकडा गंभीर खराच, पण तो 100 मधून वजा करायचा नसतो. एवढं कुणी समजावलं नाही की माणूस खचतो, आणि खचलेल्या माणसाकडून पथ्यपाणी होत नाही.

हृदयाचं पंपिंग असं कमी पडतं त्या आजारात, म्हणजे हार्ट फेल्युअरमध्ये, बरंचसं काम घरीच करायचं असतं. पंपिंग कमी पडलं की मूत्रपिंडं मीठ आणि पाणी धरून ठेवतात. पायावर सूज दिसण्याआधी, दम लागण्याआधी ते पाणी अनेकदा काट्यावर दिसतं. तीन दिवसांत दोन किलो वाढले, तर ती चरबी नव्हे. म्हणून रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. सांगायला सोपं आहे. पण कालवण सगळ्या घराचं एकाच पातेल्यात शिजतं, ताटात ठेचा-लोणचं असतंच, आणि एसटीने गावाला जायचं म्हणून त्या दिवशी लघवीची गोळी चुकवली जाते.

अमेरिकेतल्या परिचारिका-संशोधक बार्बरा रीगल यांनी अशा रुग्णांची स्वतःची काळजी मोजणारी प्रश्नावली तयार केली. तिच्यात आत्मविश्वासाचा भाग वेगळा आहे: लक्षण ओळखता येईल का, त्यावर काही करता येईल का? हा विश्वास येतो कुठून, यावर मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी 1977 साली मांडणी केली. सापाला विलक्षण घाबरणारी माणसं त्यांनी प्रयोगात घेतली. दुसऱ्याला साप हाताळताना पाहून भीती कमी झाली; पण सोबतीने, पायरीपायरीने ज्यांनी स्वतः साप हाती घेतला, त्यांची हिंमत जास्त वाढली. नुसत्या उपदेशाचा नंबर बराच खाली लागतो.

आपल्याला हे नवं वाटू नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 साली जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं अशा अनेक बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. मुलांची वजनं करणं, बाळंतपण करणं त्या करता करताच शिकल्या. त्यांच्यातल्या मुक्ताबाई पोळ 1988 साली वॉशिंग्टनच्या परिषदेत बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहातली झुंबरं दाखवून त्या म्हणाल्या, डॉक्टर असे: सुंदर, महाग, हाताला न लागणारे. मग त्यांनी वातीचा साधा दिवा काढला आणि त्यावर दुसरा पेटवून दाखवला: स्वतः शिकलेली बाई दुसरीला शिकवते, तसा. बांडुरांच्या सिद्धांताचं याहून नेमकं प्रात्यक्षिक मला माहीत नाही. रुग्णांचं शिक्षण म्हणून पत्रकं आणि मोबाइल ॲप पुढे केली जातात, तेव्हा जामखेडची आठवण कुणी काढत नाही, याचं वाईट वाटतं.

घरात असा रुग्ण असेल, तर पुढच्या तपासणीला तीन गोष्टी डॉक्टरांकडून लिहून घ्या: सूज नसतानाचं वजन किती, किती वाढलं की फोन करायचा, आणि प्रवासाच्या दिवशी लघवीची गोळी कधी घ्यायची. पहिला आठवडा वजन करताना कुणीतरी शेजारी उभं राहा. वहीत आकडा मात्र रुग्णालाच लिहू द्या.